पहिला नग

आमच्या घरी पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाबा कामगारांच्या सभांसाठी ती लिहायचे आणि मी घड्या घालायचे. अन्याय दिसला की तोंड उघडायचं, हे मी तिथेच शिकले.

भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात आम्ही इमिटेशन दागिने बनवतो. मी कॉम्प्युटरवर डिझाइन काढते. त्यावरून पितळेचा मूळ नग हाताने घडवायचे ते काका, जुन्या भाईंदरच्या कोळी घरातले. त्या नगावरून रबरी साचा आणि साच्यातून माल. नव्या साच्यातला पहिला दागिना विकायचा नाही, ज्या कामगाराची पाळी असेल त्याच्या घरी द्यायचा, ही आमच्या गाळ्याची रीत. पुढची पाळी काकांची होती. नातीला त्यांनी झुमके कबूल केले होते.

तेवढ्यात शेठनी मला आणि काकांना थ्रीडी प्रिंटिंगच्या प्रशिक्षणाला पाठवलं, वरसाव्याच्या एका हॉटेलात. ट्रेनर हुशार होता. मशीनचं कौतुक कमी आणि एकच प्रश्न पुन्हा पुन्हा: "तुमच्या धंद्यात काम अडतं कुठे? प्रिंटर तिथे लावा." शेवटच्या दिवशी मालकांनाही बोलावलं होतं. आम्ही उत्तर देण्याआधीच शेठ हसत म्हणाले, "हमारा तो मास्टर पे ही अटकता है."

मास्टर म्हणजे काका. ते माझ्या शेजारीच बसले होते.

मी ताडकन उठले. "काम अडतं म्हणता तिथे एक माणूस बसतो. तुमचं नाव ज्या नगांवर झालं ते त्याने घडवलेत. मशीन आणायचं तर आणा, पण काकांना काढणार नाही, हे इथे सगळ्यांसमोर सांगा."

पहिली टाळी शेठनीच वाजवली. "एकदम सही बोली, बेटी! काका कहीं नहीं जाएँगे."

परतताना रिक्षात काका म्हणाले, "झालं तुझं पत्रक वाचून?"

"काका, त्यांनी शब्द दिलाय."

"दिलाय ना. आता त्यो मना काढणार न्हाय, पोरी. नुसता बसवून ठेवल."

मशीन आलं, ते काकांच्याच टेबलावर ठेवलं. आता माझी डिझाइनं थेट मेणासारख्या रेझिनमध्ये छापून निघतात, एका वेळी ट्रेभर, आणि तशीच धातूत ओतायला जातात. मूळ नग नको, रबरी साचाही नको. नगांना चिकटलेल्या आधाराच्या काड्या तोडायच्या आणि खरबरीत कडा घासायच्या, एवढंच काम काकांना उरलं.

पहिल्या ट्रेचे झुमके ओतून आले तेव्हा काका वाकून बघत राहिले.

"शेठ, यातला पयला कंचा?"

"सब पहले हैं, काका. कोई भी उठा लो."

काकांनी एकही उचलला नाही. पुढचा ट्रे जवळ ओढला, पॉलिश पेपरचा तुकडा फाडला आणि घासायला बसले. त्यानंतर गाळ्यात कुणाची पाळी, हे कुणी विचारलेलं नाही.