अंजिराखालचा मांडव

यदीदा या वर्षी ज्यूंच्या सणाचा, सात दिवस ज्यात बसून जेवायचं तो मांडव घालणारच नव्हती. गुडघे कुरकुरत होते, नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, आणि इस्राएलातल्या हैफा शहराच्या त्या चढावर खजुराच्या झावळ्या ओढत आणायच्या म्हणजे जीव अर्धा होतो. तरी घातला. दरवर्षीसारखाच, अंगणातल्या अंजिराखाली.

आयुष्यभर लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवलेली बाई. येशूला मानणाऱ्या ज्यूंच्या शनिवारच्या, शब्बाथच्या सभेत मात्र तिचा विषय ठरलेला, सण. वल्हांडण सणात बळी द्यायचं कोकरू म्हणजे येशूवा, येशूच, आणि मांडवांचा सण म्हणजे देव माणसांत राहायला आला त्याची आठवण. तो मशीहा, तारणारा, प्रत्येक सणात उभा आहे आणि इस्राएलच्या डोळ्यांवर झापड आहे, असं सांगताना ती रडायची. त्यात नाटक नव्हतं. ‘आपले लोक’ म्हणताना तिच्यासमोर एकच माणूस असायचा, थोरला, कर्मठ ज्यू राहिलेला भाऊ गदल्या.

बावीस वर्षांपूर्वी तिनं येशूवाला मानलं, तेव्हा गदल्यानं तिच्या घरचं पाणी सोडलं. तरी ती दर सणाला फोन करायची. “ये रे, मांडवात नुसता बस.” तो “बघू” म्हणायचा. आता तो ऐंशीचा झाला होता. एकदा त्यानं येऊन बसावं आणि आपण त्याला सगळं सांगावं, एवढंच तिला हवं होतं. काय सांगायचं ते पाठ होतं. पण पाठ करून करूनच ती थकली होती.

सणाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. काळी टोपी, काठी, हातात स्वतःच्या घरच्या पावाची पिशवी. गदल्याच होता.

“आलास?”

“दिसत नाही का?”

तिनं हाताला लागेल त्या फडक्यानं खुर्ची पुसली. गदल्या मांडवाच्या तोंडाशीच थांबला आणि मान वर करून बघत राहिला.

“इथं नाही बसता येत, यदीदे.”

“झालं! अजून येशूवाचं नावसुद्धा काढलं नाही मी.”

“त्याचं नाही गं. वर झाड आहे. झावळ्यांवर थेट आभाळ पाहिजे, मध्ये काही चालत नाही. हा मांडवच नाही.”

“हे तुमच्या धर्मगुरूंचं, रब्बींचं. मोशेनं शास्त्रात कुठं लिहिलंय? संदेष्टे तर म्हणतात, जो तो आपल्या अंजिराखाली निर्धास्त बसेल. म्हणून तर इथं घालते.”

“मग बस की निर्धास्त. फक्त त्याला मांडव म्हणू नकोस.”

यदीदाचं डोकं फिरलं. “बावीस वर्षांनी आलास तो चुका काढायला?”

“बावीस वर्षांनी?” गदल्या फाटकाजवळच्या कठड्यावर टेकला. “दरवर्षी येतो. खालच्या वळणावर बसमधून उतरतो, चढ चढून फाटकापर्यंत येतो. झाड बघतो आणि परत जातो.”

“मग हाक मारायला काय झालं होतं?”

“तू भाषण दिलं असतंस. ऐकलंही असतं मी एखाद वेळेस. पण बसून. उभ्यानं नाही.”

मांडवात ती नेहमी समुद्राकडे तोंड करून बसायची, फाटकाकडे पाठ. ज्याच्या आंधळेपणासाठी ती सभेत रडायची, तो मागे बारा पावलांवर उभा असायचा. तिची तिलाच लाज वाटली.

ती मांडवात शिरली आणि झावळ्या खाली ओढू लागली.

“काय करतेस?”

“हलवते. तिकडे उन्हात.”

“कंबर मोडेल तुझी.”

“मग बघत काय बसलास? खांब धर.”

दोन म्हातारी माणसं, चार खांब. तास गेला. मांडव तिरका उभा राहिला, पण वर आभाळ होतं. गदल्या आत येऊन बसला. तिनं तांब्या आणून त्याच्या हातांवर पाणी घातलं. त्यानं हात मागे घेतले नाहीत. मग आशीर्वादाचे शब्द म्हणत आपल्या पावाचा तुकडा मोडला.

“हं, बोल. काय सांगायचं होतं?”

यदीदाला धाप लागली होती, हातांवर ओरखडे उठले होते. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. सदऱ्याची कॉलर मानेला केवढी सैल झाली होती.

“पुढच्या वर्षी सांगते.”

“पुढच्या वर्षी हा चढ मला चढवणार नाही.”

तिनं पावाची पिशवी त्याच्यापुढे सरकवली.

“मग सावकाश खा,” ती म्हणाली.