सरळ मुठींची शर्यत

येरमाळ्याच्या शर्यतीत माझी सायकल सुरुवातीच्या तपासणीतच अडकली. तपासणारे पंच साठीचे, उन्हानं रापलेले. बराच वेळ उभे असावेत. दर सायकलीला वाकताना कमरेवर हात जायचा. त्यांनी हँडलची रुंदी मोजली, ठीक म्हणाले. मग ब्रेकच्या मुठींवर प्लास्टिकचं माप धरलं. ते काही बसेना.

"ताई, मुठी फार आत वळवल्यात. नव्या नियमात एवढं चालत न्हाय आता. सरळ करून आणा."

आदल्या वर्षी पडले तेव्हा उजवं मनगट मोडलं होतं. मुठी आत वळवल्या की त्यावर ताण कमी येतो, म्हणून नवऱ्यानं त्या तशा बसवल्या होत्या. मी हात पुढं केला. "सर, सरळ धरलं की लई दुखतं. बोटंबी ब्रेकला नीट पुरत न्हाईत."

त्यांनी हाताकडं पाहिलं. "दुखत असंल. पण तुमाला सोडलं तर मागची रांग मला सोडंल व्हय?"

भांडायचं त्राण नव्हतं. शाळेतली कारकुनी सांभाळून आठवडाभर सराव केला होता, त्याचा सगळा शीण पायांत उतरला होता. नवऱ्यानं हँडलवरची टेप सोडली, मुठी सरळ केल्या, स्क्रू पिळून ब्रेक जमेल तितका बोटांजवळ आणला.

"उतारावर जप," तो म्हणाला. "न्हाय जमलं तर सोडून दे."

घाट चढेपर्यंत मी बाकीच्या बायकांबरोबर होते. उतार लागला आणि ब्रेकसाठी दर वेळी अख्खा पंजा पुढं सरकवावा लागला. भीतीनं मी वळणाच्या खूप आधीच वेग कमी करायची आणि एकेकजणी शेजारून निघून जायची. खाली आले तेव्हा रस्त्यावर मी एकटी, समोरून कोरडा वारा.

शेवटून दुसरी आले. पंचांनी पुन्हा माप लावलं.

"बरोबर हाय. मनगट कसं हाय?"

"सुजलंय."

ते नुकतेच खुर्चीत टेकले होते. उठले, खुर्ची माझ्याकडं सरकवली. "बसा." नको म्हणायला हवं होतं, मी बसले.

सायकल गाडीत चढवताना नवऱ्यानं विचारलं, "मुठी परत वळवू का घरी गेल्यावर?"

"राहू द्या. पुढच्या वेळी पुन्हा सरळच कराव्या लागतील."

"पुढच्या वेळी जाणार हायस?"

मला काहीच ठरवायचं नव्हतं. हात मांडीवर ठेवून डोळे मिटले, ते आमचं अणदूर आल्यावर त्यानं हलवलं तेव्हाच उघडले.