अबोल्यात काढलेली हवा

कुलूपवाल्यांनी आयुष्यभर लोकांची कुलपं उघडून दिली, पण मुलीने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं तेव्हा आपल्या तोंडालाच कुलूप घातलं. मुलीशी तेव्हापासून अबोला. आणि "रविवारी मी तिच्याकडे जाणार, गाडी मीच चालवीन," असं बायकोने जाहीर केल्यापासून बायकोशीही.

पण वाटेत मोठा उतार, आणि ब्रेकचं पेडल गादीसारखं दबत होतं. शनिवारी ते मुकाट्याने जॅक, पाना, नळी आणि बाटली घेऊन गाडीखाली शिरले. ब्रेकमधली हवा काढायला माणसं दोन लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकामागचं निपल सैल करून तेल हवेसकट बाहेर सोडायचं. निपल आवळल्याशिवाय पाय उचलायचा नाही. बायको न बोलावता येऊन सीटवर बसली.

"दाब."

"दाबलंय."

"सोड."

घरात आठवडाभरात झालेलं हे पहिलं संभाषण.

शेवटच्या चाकाला नळीतून नुसते बुडबुडे यायला लागले. बॉनेटखालची तेलाची डबी कोरडी पडली होती आणि सगळ्या नळ्यांत नव्याने हवा शिरली होती. डबीवर लक्ष ठेवायचं काम नेहमी बायकोचं.

"मघाशी उतरले तेव्हा दिसलं होतं मला," ती म्हणाली. "तुम्ही विचाराल म्हणून थांबले."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो दोघांचाही. पुन्हा पहिल्या चाकापासून सुरुवात. या खेपेला मात्र "डबी बघ", "अर्धी आहे", "ओत थोडं" असं बोलावंच लागलं. संध्याकाळी पेडल दगडासारखं झालं.

"तिच्या गाडीचंही पेडल असंच खाली जातं," बायको हात पुसत म्हणाली. "उतारावर हँडब्रेक ओढते म्हणे."

रात्री कुलूपवाले नीट जेवले नाहीत.

सकाळी बायको गाडीशी आली तर मागे जॅक, पाना, नळी, तेलाचा नवा डबा, आणि पुढे शेजारच्या सीटवर नवरा.

"ब्रेक बघायला येतोय. भेटायला नाही."

ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांची सवय तिला ठाऊक होती. "मी कुठे काय म्हटलं? पण माझा गुडघा कालपासून दुखतोय. पेडल दाबायला तिलाच बसवावं लागेल."

त्यांनी पट्टा लावला.

"निपल आवळेपर्यंत पाय उचलू नको, एवढं सांग तिला."

"तुम्हीच सांगा," बायको म्हणाली आणि तिने गाडी गिअरमध्ये टाकली.