दाजींनी पाहिलेलं डेल्फ्ट

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान वासुदेव पेंडुरकर, यांना जगातली कुठलीही वस्तू आधी बोटाच्या पेराने ठोकून बघायची सवय होती. देरा दुबईतल्या टाइल्स आणि सॅनिटरीवेअरच्या एका शोरूमचे ते मॅनेजर. चांगली टाइल ठोकली की खणखणीत वाजते, हलकी असली की बद्द वाजते. धंद्यात हे ठीकच आहे. पण दाजी लोकांच्या घरी जेवायला गेले की त्यांच्या भिंती ठोकत, फर्निचर ठोकत, वाढलेल्या ताटाची कड ठोकत आणि मग "हं" म्हणत. त्या "हं"चा अर्थ एवढाच, की आमच्याकडे याहून बरं आहे.

त्याच शोरूममध्ये मी सेल्समन होतो. माझा व्हिसा दाजींनी काढून दिला, नोकरी दाजींनी दिली, अल मनखूलमधल्या त्यांच्याच बिल्डिंगमध्ये बेडस्पेस, म्हणजे खोलीतली एक भाड्याची खाट, तीही त्यांनीच बघून दिली. याची आठवण ते मला आठवड्यातून एकदा तरी करून देत. मी मान डोलवायचो. मान डोलवण्यात माझा हात धरणारा त्या शोरूममध्ये कोणी नव्हता.

दाजी सतरा वर्षं दुबईत होते आणि दुबई म्हणजे जगाचं शेवटचं टोक, त्यापुढे सुधारणेला जागाच नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. देशातून कोणी पाहुणा आला की ते त्याला दुबईच्या जुन्या किल्ल्यातल्या म्युझियममध्ये नेत. तिथे तळघरात जुन्या काळची घरं मांडली आहेत आणि त्यांत माणसांचे हुबेहूब पुतळे बसवले आहेत. शिंपी, सुतार, पोथीपुढे बसलेली पोरं. दाजी प्रत्येक पुतळ्यासमोर उभे राहून पाहुण्याला सांगत, "हे बघा. हिस्टरी अशी ठेवतात. क्लीन. एसीमध्ये." पुतळे त्यांनीच ओतले असावेत असा आव असे.

त्यांच्या घराच्या खिडक्यांना मात्र आतून चंदेरी फॉइल चिकटवलेला, त्यावर जाड पडदे. ऊन येऊ नये हे एक कारण, आणि समोरच्या बिल्डिंगमधून कोणी बघू नये हे दुसरं. ताईच्या घरात दिवस आहे की रात्र हे घड्याळ बघून कळायचं. "ज्या घराला पडदा नाही ते घर नाही," हे दाजींचं आणखी एक ठाम मत.

अशा माणसाच्या पोटी मिहिका जन्माला आली हा तिचाच दोष म्हणायचा. माझी ही भाची अठरा वर्षांची. मार्कांनी हुशार, बोलायला इंग्रजी, आणि वेड कसलं, तर मातीच्या भांड्यांचं. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावातल्या एका छोट्या शाळेत सिरॅमिक्सचा दोन वर्षांचा कोर्स होता. तिने गुपचूप अर्ज केला, कामाचे फोटो पाठवले आणि तिची निवड झाली. जुलैअखेर होकार कळवायचा होता. घरात आठवडाभर तुफान झालं.

"कुंभारीण होणार का तू?" दाजी विचारत.

"पपा, यू सेल टाइल्स," मिहिका म्हणाली.

यावर दाजी ओरडले. शेवटी ताई कधी नव्हे ते बोलली, की गाव न बघताच नाही कशाला म्हणायचं? दाजींना ही कल्पना आवडली. गाव बघून नाही म्हटलं, तर ते नाही जास्त वजनदार होणार होतं. दोन हजार दोनच्या जुलैमध्ये चौघांचा चार दिवसांचा हॉलंडचा प्रवास ठरला. चौथा मी. हँडीकॅम धरायला आणि बॅगा उचलायला कोणीतरी हवं होतं.

विमानात दाजी झोपल्यावर मिहिका माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसली.

"मामा, प्लीज. जस्ट वन सेंटेन्स," ती म्हणाली. "ते तुला विचारणार. ते नेहमी शेवटी तुलाच विचारतात. फक्त म्हण की इट्स अ गुड प्लेस."

"बोलतो ना," मी म्हणालो. "बोलतो मी."

तिने माझा दंड दाबला आणि परत जागेवर गेली. मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं.

डेल्फ्टला आम्ही ट्रेनने सकाळी दहाला पोचलो आणि अकरापर्यंत दाजींनी अर्धं गाव नापास केलं. तिथला जुन्या चर्चचा मनोरा एका बाजूला कललेला आहे. शेकडो वर्षं तसाच उभा आहे, लोक लांबून बघायला येतात. दाजी खाली उभे राहून म्हणाले, "आमच्याकडे असला कॉन्ट्रॅक्टर ब्लॅकलिस्ट झाला असता. खलास." रस्त्याच्या कडेने कालवे, त्यांवर छोटे कमानीचे पूल, पाण्यावर झाडांची सावली. दाजी म्हणाले, "गटार आहे हे. शेवाळ बघ." सुटाबुटातला एक माणूस सायकलवरून गेला, तर त्यांना हसू आवरेना. "बँकेतला साहेब दिसतोय आणि सायकलवर! सायकल चालवायला आपण काय सोनापूरच्या लेबर कॅम्पमध्ये राहतो?"

त्या कॅम्पमधल्या माणसांनीच दाजींच्या टाइल्स दुबईभर बसवल्या होत्या. पण हे मी तेव्हा बोललो नाही, आत्ता लिहितोय.

चौकातल्या दुकानात निळ्या नक्षीची हातरंगी टाइल त्यांनी उचलली, ठोकली आणि भाव विचारला. "साठ युरो! म्हणजे दोनशे वीस दिरहम. म्हणजे जवळजवळ तीन हजार रुपये! एका टाइलचे! आणि साइझ तरी बघ, बाथरूमला किती लागतील?" दुकानदार बाई हसून काहीतरी सांगू लागली, की हे बाथरूमसाठी नाही. दाजींनी टाइल खाली ठेवली आणि "हं" म्हटलं. मिहिकाने ती पुन्हा उचलली आणि दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहत राहिली. मी हँडीकॅम दुसरीकडे वळवला.

शाळा त्यांनी पाच मिनिटांत पाहिली. मास्तरांच्या हाताला चिखल होता, तेवढं पुरलं.

दुपारी आम्ही एका कालव्याच्या काठाने चाललो होतो. अरुंद, उंच, एकमेकांना चिकटलेली घरं. एका घराच्या दर्शनी भिंतीवर १६७२ असं साल कोरलेलं, दार अर्धवट उघडं आणि रस्त्याला लागून भलीमोठी खिडकी. पडदा नाही. आत भिंतीतल्या शेकोटीभोवती निळ्या टाइल्स, पितळी दिवे, भिंतीवर बश्या, आणि उंच पाठीच्या खुर्चीत पांढऱ्या केसांची एक म्हातारी. मांडीवर विणकाम. अजिबात हालचाल नाही.

दाजी थबकले. "हे बघ. म्युझियम."

"पपा, समवन लिव्ज हिअर," मिहिका म्हणाली.

"घरात राहणारा माणूस पडदा लावतो," दाजी म्हणाले. "साल लिहिलंय, दार उघडं आहे, पुतळा बसवलाय. अजून काय पाहिजे? आपल्याकडे नाही का किल्ल्यात? चला, यल्ला. तिकीटपण दिसत नाही."

उंबऱ्याशी गालिचा होता म्हणून ताईने चपला काढल्या. मग दाजींनी बूट काढले, मग मी. दारात आमचे तीन जोड व्यवस्थित लावून आम्ही एका परक्या बाईच्या घरात शिरलो. मिहिका बाहेरूनच "पपा, प्लीज! मामा, स्टॉप हिम!" म्हणत राहिली. मी काय केलं? मी शूटिंग केलं.

दाजी सरळ शेकोटीपाशी गेले आणि टाइल्स ठोकायला लागले. एक, दोन, तीन. "ओरिजिनल आहेत," ते म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांनी कशाला तरी बरं म्हटलं. मग ते पुतळ्याकडे वळले, कमरेत वाकले आणि म्हातारीच्या गालापाशी नाक नेऊन बघू लागले. "शैलेंद्र, क्लोजअप घे. स्किन बघ काय केलीय! सुरकुत्यासुद्धा! आपल्या म्युझियमपेक्षा बरं काम आहे."

आणि ठोकून बघायला त्यांनी बोट उचललं. तेवढ्यात म्हातारीने डोळे उघडले.

"आई गं!" दाजी किंचाळले आणि मागच्या तिपाईवर बसले. तिपाई मोडली नाही, हे त्या बाईचं नशीब. ताईने तोंडाला पदर लावला. ती घाबरली होती असं ती पुढे वर्षानुवर्षं सांगत आली, पण तिचे खांदे हलत होते हे मी पाहिलं आहे.

मिहिका धावत आत आली आणि माफी मागू लागली. कोण, कुठले, कसा घोटाळा झाला, सगळं तिने सांगितलं. म्हातारी ऐकत गेली आणि पुतळ्याचं कळल्यावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग उठली आणि इंग्रजीत म्हणाली, की म्युझियममध्ये कॉफी मिळत नाही, इथे मिळेल. दाजी सोडून आम्ही सगळे हसलो. मी जरा कमी हसलो.

कॉफी आली, प्रत्येकी एक बिस्किट आलं. मिहिकाने शाळेचं सांगितलं तसे म्हातारीचे डोळे चमकले. त्या शाळेतल्या मुलींना ती वरची खोली भाड्याने द्यायची. यंदाची मुलगी ऑगस्टमध्ये जाणार होती. ती मिहिकाला आणि ताईला जिना चढून वर घेऊन गेली. खाली आल्यावर ताई म्हणाली, "खोली छान आहे हो. खिडकीतून पाणी दिसतं. बाईपण चांगली आहे." ताईचा आवाज इतका मोकळा मी त्या घराबाहेर आणि त्या दिवसानंतर कधी ऐकला नाही.

मिहिका तिच्यामागून खाली आली. ती फक्त वडिलांकडे बघत होती.

दाजींनी एवढ्या वेळात आपला रुबाब गोळा करून आणला होता. पाणउतारा झाला की त्यांना कोणालातरी शिक्षा करावीशी वाटायची, आणि मुलगी समोरच उभी होती.

"हे घर?" ते मराठीत म्हणाले. "चार माणसं सरळ आत शिरली, हिला पत्ता नाही! पडदा नाही, कडी नाही. आज आपण शिरलो, उद्या कोणीही शिरेल. अशा ठिकाणी मी मुलगी ठेवू?"

स्वतःच चोरासारखं घुसायचं आणि मग घर सुरक्षित नाही म्हणायचं. एवढा मूर्ख मुद्दा मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. एका वाक्यात तो खोडता आला असता. दाजी माझ्याकडे वळले.

"तू सांग, शैलेंद्र. तुला काय वाटतं?"

मिहिकाने माझ्याकडे पाहिलं. ताईनेही. बाहेरून एक सायकल गेली. माझ्या मनात वाक्य तयार होतं, मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत. पण माझा व्हिसा सप्टेंबरमध्ये रिन्यू व्हायचा होता आणि त्या कागदावर दाजींची सही लागायची.

"दाजी, तुम्ही म्हणाल तसं," मी म्हणालो.

"बघ," दाजी मिहिकाला म्हणाले. "मामापण तेच म्हणतोय. विषय खलास."

म्हातारीला भाषा कळली नव्हती, पण खोलीत काहीतरी घडलं हे कळलं होतं. तिने मिहिकाच्या हातावर हात ठेवला आणि माझ्याकडे बोट करून हळूच विचारलं, तुझे मामा काय म्हणाले?

"नथिंग," मिहिका म्हणाली. "ही वर्क्स फॉर माय फादर."

त्या सप्टेंबरमध्ये ती शारजाच्या एका कॉलेजात बीबीएला जाऊ लागली. माझा व्हिसा रिन्यू झाला.