सूर्याहून जुनं पाणी

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर ताक. बायको, सरू, घुसळत होती आणि मी टीव्ही बघत होतो. एक शास्त्रज्ञ सांगत होता, नव्या ताऱ्याभोवती वायूची अन् धुळीची चकती फिरते. लांब गारठ्यात धुळीच्या कणांवर बर्फ धरतो, त्यात नाना रसायनं तयार होतात, कण एकमेकांना चिकटतात आणि पुढं त्यांचीच पृथ्वी होते. आपलं काही पाणी तर सूर्याच्याही आधीचं आहे म्हणे.

"लोण्यासारखंच की," सरू म्हणाली. "गारव्याशिवाय गोळा धरत नाही. अहो, नुसतं बघू नका, दोरी ओढा!"

मी ओढली. संध्याकाळी ती बोलता बोलता गेली.

भेटायला आलेला शेजारी म्हणाला, "आबा, काकू तारा झाल्या."

"तारा म्हणजे नुसता जाळ!" मी ओरडलो. "ती कशाला जाळ होईल?"

राग येतो तो या कारभाराचा. युगं युगं कण जमवायचे, समुद्र भरायचे, त्यातून एक बाई घडवायची, आणि चहा निवायच्या आत मोडून टाकायची. लोक म्हणतात, माती मातीत गेली. जाऊ दे की माती. तिचा आवाज कशात गेला, ते सांगा.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवलाच. रोज मी त्याला तांब्याभर पाण्याचं अर्घ्य देतो. त्या सकाळी अंगणात जाऊन त्याला म्हणालो, "हे तुझ्याआधीचं आहे. तुला कशाला देऊ?" मग त्याच्याकडे पाठ केली आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.