सीटखालचा नारळ

झेंडूचा वास आला की मला आमच्या गाडीतला नारळ आठवतो. परळच्या सोसायटीत आवारात नारळ फोडायला मनाई, म्हणून दसऱ्याच्या पूजेचा नारळ मी बायकोच्या सीटखाली सरकवला आणि साफ विसरलो. पुढे डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला. मी टेस्टर घेऊन निघालो, तशी ती म्हणाली, "अहो, त्या सीटवर मी बसते. टोचाटोची नको." मग बॅटरीची वायर काढून थोडा वेळ थांबलो आणि टॉर्चने नुसतं पाहिलं, तर नारळ एअरबॅगच्या पिवळ्या प्लगवर रेलून बसलेला. तो काढला, बॅटरी जोडली, पण दिवा काही विझेना. वेळेवर एअरबॅग उघडलीच नसती तर, असं मनात येऊन गेलं. "उद्या सर्व्हिस सेंटरला दाखवतो, चल, बस," एवढंच म्हटलं. मागचं दार उघडत ती म्हणाली, "आधी दाखवून आणा. तोवर पुढे नारळालाच बसवा."