अंतरपाट आणि ऑटोफोकस

बुऱ्हाणपूर खंडव्यापासून सुटून नुकतंच वेगळा जिल्हा झालं होतं, त्या सुमारास मी डिजिटल कॅमेरा घेतला. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, आणि माझ्या अंगात एक खोड आहे: कुठलीही वस्तू घरी आली की वापरण्याआधी तिची उलटतपासणी करायची. मिक्सर आणला तेव्हा बायकोने तो माझ्या हातून हिसकावून घेतला होता. कॅमेऱ्याच्या बाबतीत तिने आधीच हात टेकले.

कॅमेऱ्याबरोबर आलेली झूम लेन्स साधीच होती. एका टोकाला खोलीतलं सगळं कुटुंब मावायचं, दुसऱ्या टोकाला एकट्याचा चेहरा भरून यायचा. तिच्यावर दोन कडी होती, झूमचं रुंद आणि पुढे फोकसचं अरुंद. झूम फिरवायला जावं तर माझी बोटं हमखास फोकसच्या कड्याला लागायची आणि लेन्स आतून कुरकुरायची.

पण मला खरं वेड लावलं ते ऑटोफोकसने. बटण अर्धं दाबलं की लेन्स घुर्र करून पुढेमागे होते आणि एका जागी थांबते. कुठे थांबायचं हे तिला कळतं कसं? मी वर्तमानपत्र टेबलावर पसरलं (कागद शेजारच्या नेपानगरच्या कारखान्याचा, अक्षरं इंदूरच्या छापखान्याची), तिरक्या कोनातून एका ओळीवर नेम धरला आणि फोटो कॉम्प्युटरवर मोठा करून पाहिला. नेम धरलेल्या ओळीपेक्षा तिच्या अलीकडच्या ओळी जास्त ठसठशीत होत्या. दुपारच्या उन्हात हा फरक जवळपास नाहीसा व्हायचा, दिवेलागणीला परत यायचा. कोऱ्या भिंतीसमोर तर लेन्सची फारच पंचाईत व्हायची. पुढे, मागे, पुन्हा पुढे, आणि शेवटी हरल्यासारखी कुठेतरी थांबायची. तिला धरायला काहीतरी लागतं, एखादी रेघ, एखादी कड, हे मला उमगलं तेव्हा मी वर्गात मुलांना सुट्टीची घंटा होऊन गेली तरी तेच सांगत बसलो.

आमच्या समोर राहणाऱ्या वहिनी हे सगळं त्यांच्या ओट्यावरून पाहत असत. त्यांच्या घरची केळीची शेती धूलकोटला. मुलांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड शहरात. मी भिंतीचे फोटो काढायला लागलो तेव्हा भिंतीचं लग्न ठरलं का, असं त्यांनी माझ्या बायकोला विचारलं होतं. पण थोरल्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा त्या माझ्याकडेच आल्या. लग्न धूलकोटला होणार होतं. फोटोवाला होता, व्हिडिओवालाही होता, तरी त्यांना माझ्याकडून एकच फोटो हवा होता.

मंगलाष्टकं चालू असताना मुलीची आई मांडवात नसते. ती मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालत उभी राहते, लेकीचं लग्न लागताना पाहत नाही. वहिनींना ही रीत मोडायची नव्हती. त्यांना फक्त एक गोष्ट जाणून घ्यायची होती.

"अंतरपाट काढला का पोरगी मान वर करते का नाही, एवढंच मले पाहाचं हाये, भाऊ," त्या म्हणाल्या. "माझ्या लग्नात मी त्याहीचे पायच पाह्यले. फोटोवाल्याचा काय भरोसा, तो त म्हणते, मॅडम, इकडे कॅमेऱ्यात पाहा. मंग मले कसं समजंन?"

हे ऐकून मला गंमत वाटली आणि लगेच गंमत वाटल्याची लाजही वाटली. मी हो म्हणालो. इतका छान प्रश्न मला शाळेतसुद्धा कधी कोणी विचारला नव्हता.

मुहूर्त गोरजाचा होता. नवरदेवाच्या मामांच्या मागे एक खुर्ची ठेवून मी तिच्यावर चढलो. पांढरा अंतरपाट, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक. लेन्सने ते स्वस्तिक चटकन पकडलं, आणि मला वाटलं, आपण जिंकलो. अंतरपाटामागे मुलीच्या कपाळावरच्या मुंडावळ्या तेवढ्या दिसत होत्या. शेवटचं सावधान झालं, बँड वाजला, अंतरपाट बाजूला गेला आणि चहूकडून अक्षता आल्या. स्वस्तिक निघून गेल्यावर लेन्स घुर्र करत शोधायला निघाली. एकदा खट्ट झालं, मग बटण दाबूनही कॅमेरा फोटो घेईना. शेवटी पुन्हा खट्ट झालं तेव्हा नवरदेव हार घालायला पुढे सरकला होता आणि मधे त्याचा फेटा आला होता. त्याआधीचा म्हणावा असा फोटो एकच निघाला.

दुसऱ्या दिवशी तो कॉम्प्युटरवर उघडला. हवेतला अक्षतांचा दाणा न् दाणा वेगळा दिसत होता. त्यांच्या मागे मुलीच्या चेहऱ्याच्या जागी गव्हाळ रंगाचा एक मऊ डाग होता. डोळे कुठे आहेत तेसुद्धा सांगता येत नव्हतं.

खरं सांगायचं तर आधी मला आनंद झाला. लेन्सने अलीकडची पहिली कड पकडली होती, अगदी माझ्या टेबलावर पकडायची तशी. वहिनी आल्या तेव्हा मी त्यांना हे उत्साहाने समजावून सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, पडद्याजवळ वाकून तो डाग पाहिला आणि विचारलं, "मंग तिनं पाह्यलं का?" मला फार वाईट वाटलं.

त्यांनी इतरांनाही विचारून पाहिलं. बायका मुलीचा शालू पाहत होत्या, पुरुष पंगतीची व्यवस्था पाहत होते. मुलीच्या मामांनी अंतरपाट धरला होता, पण अक्षता डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून डोळे मिटले होते. फोटोवाल्याच्या अल्बममध्ये दोघंही कॅमेऱ्याकडे बघून हसत होती.

लेक-जावई पहिल्यांदा माहेरी आले, त्या दुपारी वहिनींनी मला कॅमेरा घेऊन बोलावलं. अंगणात त्यांनी दोघांना समोरासमोर उभं केलं होतं, हातात झेंडूचे हार दिले होते आणि धाकट्या दोघी बहिणी मधे तोच अंतरपाट धरून हसत होत्या. वहिनींनी मुलीला विचारून पाहिलं होतं, पण तिलाही काही आठवत नव्हतं. आवाज फार होता, एवढंच ती म्हणाली. मी जावयाच्या जरा मागे, बाजूला उभं राहून घाईघाईने ऑटोफोकस बंद केला, मुलीला जागेवरून हलू नकोस म्हणून बजावलं आणि हाताने अरुंद कडं फिरवून लग्नात तिच्या मुंडावळ्या जिथे होत्या त्या कपाळावर फोकस लावून ठेवला. मग वहिनींना म्हटलं, तुम्ही आत जाऊन बसा, झाला की दाखवतो.

"आता काहून जाऊ?" त्या म्हणाल्या. "आता काही लगन थोडीच हाये. फोटोच हाये ना." आणि त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, पदर सारखा करून, एखाद्या मोठ्या कार्यात उभं राहावं तशा.

बहिणींनी अंतरपाट ओढला. मुलीने मान वर केली. समोर नवरा हार धरून उभा होता, त्याच्यावरून तिची नजर सरळ आईकडे आली आणि तिथेच थांबली.

"इकडं काय पाहते, बाई," वहिनी म्हणाल्या. "तिकडं पाह्य."

फोटो लख्ख आला. पापणी न् पापणी दिसते. त्यात ती चौकटीच्या बाहेर कुठेतरी पाहते आहे, आणि जावई हार घेऊन अजून थांबलेला आहे.